'रक्तच गरम आहे' ही सबब आता पुरे!

गेल्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या विहारात रोज रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या रात्री अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेचा भाग वाचून झाला. खीर वाटली गेली. बायामाणसे आपापल्या खोल्यांकडे निघाली. एक भगिनी मात्र चटया गुंडाळीत मागे रेंगाळली. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना शिकविणारी ही बाई एरवी विहारात एका शब्दाने बोलत नाही.

"दादा, एक विचारू का? माझा धाकटा सतराचा झाला. काल भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून भरलं ताट त्यानं भिंतीवर मारलं. त्याचा बापही असाच होता. सासूबाई म्हणतात, बापाचं रक्त आहे, ते जाणार कुठं? आता तुम्हीच सांगा, रक्तातच असलं तर मी त्याला विहारात आणून तरी काय उपयोग?"

आम्ही 'संस्कार', 'संगत' असे काहीबाही बोललो. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नाही हे तिच्या तोंडावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. 'रक्त' म्हणजे नेमके काय? माणूस हात उगारतो तेव्हा त्याच्या शरीरात काय घडते? त्यानंतर आम्ही काही पुस्तके चाळली, दवाखान्यातल्या डॉक्टर मित्राला प्रश्न विचारून हैराण केले. हा लेख म्हणजे त्या भगिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे. असा प्रश्न आणखी पुष्कळ घरांत दबून असेल, म्हणून तो सर्वांपुढे ठेवीत आहोत.

कोंबड्यांपासून सुरुवात

सासूबाईंचे म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नाही, हे आधी मान्य करू. गावाकडे ज्यांनी शेतात राबून दिवस काढले त्यांना ठाऊक आहे की खच्ची केलेला बैल जूं मुकाट मानेवर घेतो आणि वळू मात्र दावे तोडून धावतो. यामागचे कारण एका प्रयोगातून पुढे आले. १८४९ साली जर्मनीतील गोटिंगन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड या प्राध्यापकाने सहा तरुण कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांपैकी दोघांना तसेच ठेवले. त्यांचा तुरा खुंटला, ते आरवेनात आणि एकमेकांशी झुंजेनात. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण पुन्हा बसविले. ते मात्र इतर कोंबड्यांसारखेच आरवू लागले, झुंजू लागले. पोटात बसविलेल्या वृषणाचे जुने मज्जातंतू तुटलेले होते. तेव्हा त्यातून काहीतरी रक्तात मिसळते आणि रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते, हे उघड झाले.

अशा रसांना आज आपण हार्मोन म्हणतो. मराठीत संप्रेरक. कोंबड्यांना झुंजायला लावणारा रस १९३५ साली वेगळा करण्यात आला आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. तो पुरुषांत जास्त व स्त्रियांत कमी, पण दोघांतही असतो. मुलगा वयात येतो, आवाज फुटतो, मिसरूड येते तेव्हा याच रसाचे प्रमाण एकदम वाढलेले असते.

मग झाले! सतरा वर्षांच्या मुलाने ताट भिरकावले ते या रसापायी, असे म्हणून मोकळे व्हावे काय? नाही. कारण माणूस कोंबडा नव्हे.

समजुतीचे विष

वयात येणाऱ्या प्रत्येक मुलात हा रस वाढतो, पण प्रत्येक मुलगा ताट भिरकावीत नाही. माणसांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजून त्याचा मारझोडीशी संबंध तपासणारे पुष्कळ अभ्यास झाले. संबंध सापडतो, पण फार पुसट. उलट असे दिसते की परिस्थितीच या रसाला वरखाली करते. चुरशीच्या खेळाआधी तो वाढतो. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलने इटलीला हरविले. तो सामना नुसता टीव्हीवर पाहणाऱ्या ब्राझीलच्या चाहत्यांत हा रस वाढला आणि इटलीच्या चाहत्यांत उतरला! मैदानात खेळणारे वेगळेच, इथे नुसत्या बघ्यांची ही गत.

याहून बोलका प्रयोग स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या संशोधकांनी केला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १२० स्त्रियांना त्यांनी पैशाच्या वाटणीचा एक खेळ खेळायला लावले. एकीने रकमेची वाटणी सुचवायची आणि दुसरीने ती मान्य किंवा अमान्य करायची. अमान्य केली तर दोघींचे हात रिकामे. खेळाआधी काहींना टेस्टोस्टेरॉन दिले, काहींना तसेच दिसणारे बिनऔषधाचे द्रव्य दिले. कोणाला काय मिळाले हे त्यांना सांगितले नाही. निकाल काय लागला? ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळाले होते त्यांनी अधिक न्याय्य वाटणी सुचविली. आणि 'आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिले आहे' असे ज्यांना वाटत होते, त्या अधिक अन्यायाने वागल्या. मग त्यांना खरे काय मिळाले होते याचा संबंधच उरला नाही.

वाचकहो, इथे थोडे थांबा. या खेळात रसाने माणसे बिघडली नाहीत. 'आपल्यात तो रस आहे' या समजुतीने ती बिघडली. आपल्या घरात मुलाला लहानपणापासून काय ऐकवले जाते? "वाघाचा बच्चा आहे," "बापावर गेलाय," "याचं डोकं फार गरम, याच्या वाटेला जाऊ नका." असे वर्षानुवर्षे ऐकलेला मुलगा एक दिवस ताट भिरकावतो, तेव्हा तो आपल्याला दिलेला शिक्काच खरा करून दाखवीत असतो.

आणखी एक अभ्यास बापांनी वाचावा असा आहे. फिलिपाईन्समधील सेबू येथे सहाशेहून अधिक तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी झाली आणि २०११ साली निष्कर्ष आले. जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले. त्यांतही जे दिवसाचे तीन तास किंवा अधिक वेळ लेकराची काळजी घेत होते, त्यांचे इतर बापांपेक्षा कमी आढळले. म्हणजे लेकरू कडेवर घेणे, त्याला भरविणे, निजविणे या कामांनी बापाचे शरीरही बदलते. 'बाळाचे करणे बाईचे काम' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

भोंगा आणि लगाम

आता डोक्यात डोकावू. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याचे काम जुन्या गिरणीच्या भोंग्यासारखे आहे. धोका दिसला, अपमान झाला की तो वाजतो. क्षणात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलीन नावाचा रस सोडतात. छाती धडधडते, मुठी वळतात, कानशिले तापतात. 'रक्त गरम झाले' म्हणतो ते हेच. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना जगण्यासाठी याची गरज होती. हे घडण्यात काहीही पाप नाही.

पण कपाळाच्या मागे मेंदूचा पुढचा भाग आहे. तो लगामाचे काम करतो. "थांब, समोर तुझी आई आहे. ताट फेकलेस तर उद्या काय?" हा विचार तिथे होतो. भोंगा लहान वयातच जोराने वाजू लागतो, पण हा लगाम पक्का व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. सतरा-अठराच्या मुलाचा तोल जातो त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्याच्या अंगात सैतान शिरलेला नसतो. त्याचा लगाम अजून कच्चा असतो.

हा लगाम तुटला तर काय होते, ते जगाला एका रेल्वे कामगारामुळे कळले. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात १३ सप्टेंबर १८४८ रोजी फिनियस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम रुळासाठी खडक फोडण्याची सुरुंगाची दारू ठासत होता. स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची पहार त्याच्या गालातून शिरली आणि कवटी फोडून वर निघून गेली. गेज वाचला. चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा शांत, जबाबदार मुकादम उरला नाही. तो लहरी, शिवराळ, उतावळा झाला. "हा आमचा गेज नव्हे," असे त्याचे सोबती म्हणू लागले. मात्र कथेचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. हाच गेज पुढे चिली देशात गेला आणि कित्येक वर्षे त्याने प्रवासी घोडागाडी हाकण्याचे शिस्तीचे काम केले. मेंदूला एवढी जखम झालेला माणूसही रोजच्या नेमाने बराच सावरला. मग धडधाकट डोक्याच्या माणसाने 'मला आवरत नाही' कसे म्हणावे?

साहेबापुढे राग कुठे जातो?

या ठिकाणी आम्ही पुरुष वाचकांना एक सरळ प्रश्न विचारतो. मुकादम आईवरून शिवी देतो, साहेब चारचौघांत पाणउतारा करतो, पोलीस नाक्यावर कॉलर धरतो. तेव्हाही भोंगा वाजतोच. छाती धडधडते, मुठी वळतात. पण हात उचलला जात नाही. का? लगाम लागतो म्हणून. तोच माणूस रात्री घरी येतो आणि भाकरी थंड आहे म्हणून बायकोच्या कानाखाली आवाज काढतो. लगाम तोच, डोके तेच, रक्तही तेच. मग सकाळी लागलेला लगाम रात्री का लागत नाही?

उत्तर कडू आहे. सकाळी समोरचा माणूस आपल्याहून वरचा असतो, रात्रीचा माणूस खालचा समजलेला असतो. हा हार्मोनचा दोष नव्हे. ही उतरंड आहे. वरच्याची लाथ खायची आणि खालच्याला द्यायची, हाच तर जातिव्यवस्थेचा पाया! ज्या उतरंडीविरुद्ध बाबासाहेबांनी आयुष्य वेचले, ती आपण दहा बाय दहाच्या खोलीत पुन्हा रचतो आणि नाव मात्र रक्ताचे घेतो.

लगाम ढिला करणाऱ्या गोष्टी

लगाम लागतो हे खरे, तसा तो ढिला होतो हेही खरे. त्यात पहिली दारू. आपल्या घरांचे जेवढे नुकसान दारूने केले तेवढे कोणत्या शत्रूनेही केले नसेल. दारू राग निर्माण करीत नाही. ती कपाळामागच्या लगामाला झोपविते आणि भोंगा मोकाट सुटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. ज्यांचे नवरे वारंवार नशेत असतात, अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे सात जणींनी नवऱ्याचा मार किंवा अत्याचार सोसल्याचे सांगितले. नवरा दारूला शिवतच नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण चौघींत एकीहूनही कमी आहे. पाचवे शील का सांगितले गेले, हे या एका आकड्यात आहे. पण दुसरी बाजूही पाहा. शुद्धीतले नवरेही मारतातच. तेव्हा बाटली फोडली की काम संपले, असे समजू नका.

दुसरे कारण जागरण. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. एक अख्खी रात्र व दुसरा दिवस न झोपलेल्या तरुणांना मनाला त्रास देणारी चित्रे दाखविली. त्यांचा अमिग्डाला झोपलेल्या तरुणांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक जोराने चेतला आणि कपाळामागच्या भागाशी त्याचा मेळ सुटला. आपल्यात रात्रपाळी करणारे वॉचमन, ड्रायव्हर, सफाई कामगार किती आहेत! दिवसा पत्र्याखाली, पोरांच्या गलक्यात त्यांना झोप कुठून मिळणार? अशा माणसाचे डोके लवकर भडकते, त्याला शरीराचे कारण आहे. घरच्यांनी त्याच्या झोपेची सोय पाहावी. आणि त्यानेही समजून घ्यावे की आपल्याला राग आला आहे तो बायकोचा नसून न झालेल्या झोपेचा आहे.

तिसरी गोष्ट लहानपणचा मार. मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य आहे. त्याचे काम बिघडले तर माणूस तडकाफडकी वागण्याची शक्यता वाढते, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले. अशी द्रव्ये काम झाल्यावर मोडून काढणारा एक घटक शरीरात असतो. १९९३ साली हॉलंडमधील एका कुटुंबात हा घटक मुळीच तयार न होणारे काही पुरुष आढळले आणि त्यांच्यात एकाएकी भडकण्याचे प्रकार होते. हा दोष वंशपरंपरेने आलेला, पण अत्यंत दुर्मिळ. लगेच काही लोकांनी 'भांडखोर जनुक सापडले' अशी हाकाटी केली.

मग न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून चाललेला अभ्यास पुढे आला. त्यांतील ४४२ मुलग्यांविषयीचा निष्कर्ष २००२ साली छापला गेला. काहींच्या शरीरात हा घटक जन्मतःच कमी काम करणारा होता. पण ज्यांचे बालपण मायेत गेले, ते या कमतरतेमुळे काही विशेष हिंसक झाले नाहीत. ज्यांच्यात ही कमतरता होती आणि ज्यांचा लहानपणी छळही झाला होता, त्यांच्यात हिंसेचे प्रमाण फार वाढलेले दिसले. पुढच्या सर्वच अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आला नाही. परंतु लहानपणी झालेली मारझोड पुढच्या वागण्यावर खोल परिणाम करते, याविषयी आता शंका राहिलेली नाही. तेव्हा 'बापावर गेला' म्हणताना बापाचे रक्त पाहण्याआधी बापाचा पट्टा पाहावा. मुलाने वारसा घेतला तो बहुधा पट्ट्याचा.

'रक्तातच आहे' हे आधी आपल्यालाच म्हटले गेले

आपल्या समाजाने तरी 'रक्त' हा शब्द जपून वापरावा, त्याला इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो जन्मतःच गुन्हेगार, अशी त्याची समजूत. पुढे तो कायदा निरनिराळ्या प्रांतांत लागू झाला. आपल्या पारधी, कैकाडी बांधवांना पोलिसांत हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९५२ साली तो कायदा गेला, पण नजर गेली नाही. आजही कुठे चोरी-मारामारी झाली की आधी वस्तीतली पोरे उचलली जातात आणि "यांच्या रक्तातच आहे" असे म्हटले जाते.

या रक्ताच्या भाकडकथेला बाबासाहेबांनी पुराव्याने उत्तर दिले होते. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा त्यांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यात त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांच्या नाकांची मापे तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही असे दाखवून दिले. शास्त्रही आज तेच सांगते. टेस्टोस्टेरॉन, ॲड्रेनॅलीन, सेरोटोनिन यांना जात नाही. आपण जर आपल्याच पोराला 'रक्त वाईट' म्हणू लागलो, तर बाहेरच्यांनी मारलेला शिक्का आपल्याच हाताने त्याच्या कपाळावर उमटवीत आहोत.

एक टोळी बदलली त्याची गोष्ट

माणसाची माकडाशी बरोबरी करण्यासाठी नव्हे, तर सोबतीचे बळ कळावे म्हणून ही हकिकत सांगतो. आफ्रिकेतील केनिया देशात रॉबर्ट सापोल्स्की नावाचे शास्त्रज्ञ बबून माकडांच्या एका टोळीचा वर्षानुवर्षे अभ्यास करीत होते. शेजारी पर्यटकांच्या विश्रामगृहाचा उकिरडा होता. तिथले अन्न लुटायला टोळीतले सर्वांत भांडखोर नर जात. १९८० नंतरच्या दशकात तिथल्या क्षयाची लागण झालेल्या मांसामुळे ते सारे नर मेले. मागे उरल्या माद्या आणि मवाळ नर. टोळीतील मारामारी कमी झाली, एकमेकांच्या अंगावरच्या पिसवा-कचरा काढीत बसणे वाढले. खालच्या पायरीवरच्या नरांना पूर्वीसारखा जाच उरला नाही आणि त्यांच्या शरीरातील ताणाच्या खुणाही कमी दिसल्या.

खरे आश्चर्य पुढे आहे. बबूनांचे नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात. दहा वर्षांनी त्या टोळीतले जुने नर एकही उरले नव्हते. सगळे बाहेरून, भांडखोर टोळ्यांतून आलेले. पण इथल्या माद्यांनी त्यांना जसे सामावून घेतले, त्यातून तेही इथल्यासारखेच वागू लागले. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे रक्त कोणी बदलले नव्हते. बदलली होती टोळीची रीत.

धम्म काय सांगतो

भगवान बुद्धांनी सांगितले की काहीही कारणावाचून घडत नाही आणि कारण दूर केले की परिणामही दूर होतो. यालाच आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो. रागाला कारणे आहेत. रस आहे, मेंदू आहे, जागरण आहे, दारू आहे, लहानपणचा मार आहे, उतरंडीची सवय आहे. कारण सापडले म्हणजे सबब सापडली असे नव्हे. कारण सापडले म्हणजे काम कुठे करायचे ते सापडले. 'नशिबात आहे' म्हणणाऱ्याचे हात बांधलेले असतात, 'कारण आहे' म्हणणाऱ्याचे मोकळे होतात. अंगुलिमालाला बुद्धांनी संघात घेतले तेव्हा त्याचे रक्त तपासले नव्हते. आणि तो भिक्खू झाल्यावर लोकांनी दगड मारून त्याचे डोके फोडले, तेव्हा त्याच माणसाने ते सोसले, हात उचलला नाही, असे पाली ग्रंथ सांगतात.

याचा अर्थ अन्याय मुकाट सोसावा असा कोणी घेऊ नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या. हजारो माणसे चिडून उठली होती, बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यांना स्वतःला राग आला नसेल काय? पण तो राग त्यांनी लगामात धरला आणि दहा वर्षे कोर्टात लढले. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हात उगारण्यापेक्षा असा राग धरून ठेवायला अधिक बळ लागते.

घरी काय करावे?

राग चढला की जागा सोडावी. बाहेर चक्कर मारून यावे, सावकाश दहा-वीस श्वास मोजावेत. विहारात शिकविलेली आनापानसती फक्त पौर्णिमेसाठी नाही. ॲड्रेनॅलीनचा पहिला लोंढा काही मिनिटांत ओसरू लागतो आणि तेवढ्यात लगाम हाती येतो.

वयात आलेल्या मुलाशी तो भडकला असताना वाद घालू नये. शांत झाल्यावर मात्र सोडू नये. फुटलेले ताट, सांडलेले अन्न त्यालाच गोळा करायला लावावे. मैदान, कबड्डी, लेझीम, अभ्यासिका यांत त्याची ताकद लागू द्यावी. व्यायामशाळेत कोणी अंग फुगविण्याची इंजेक्शने देत असेल तर मुलाला सावध करावे. त्यांपैकी पुष्कळांत टेस्टोस्टेरॉनच्याच जातीची औषधे असतात आणि त्यांनी काहींची चिडचिड, आक्रमकपणा वाढतो.

शांत माणूस अचानक चिडका झाला तर त्याला भगताकडे नेऊ नये, डॉक्टरकडे न्यावे. थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करू लागली, डोक्याला मार लागला, मधुमेहाच्या औषधाने साखर एकदम उतरली, तरी माणूस असा वागू शकतो. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे.

आणि भगिनींनो, 'त्याच्या डोक्यात रसायन आहे' म्हणून मार खात बसू नका. त्याचे रसायन सांभाळणे हे त्याचे काम आहे. घरातील अत्याचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा तुमच्यासाठी आहे. महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२ आणि लेकरांसाठी १०९८ हे नंबर भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लिहून ठेवा. आपल्या मर्जीने दारू पिऊन केलेल्या गुन्ह्याला कायद्यात माफी नाही.

त्या भगिनीला आम्ही आता सांगू शकतो. ताई, तुमच्या मुलाच्या अंगात जे आहे ते प्रत्येक सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगात आहे. बापाचे रक्त त्याच्यात असेल, पण बापाचा हात त्याने पाहून उचलला आहे. पाहून उचललेले पाहूनच टाकता येते. त्याला विहारात आणा. चटया अंथरायला लावा, वाचनासाठी ग्रंथ त्याच्या हाती द्या. आणि आजीला सांगा की 'बापावर गेलाय' हे वाक्य या घरात पुन्हा बोलायचे नाही.

या वर्षावासात अंगुलिमालाचा भाग पुन्हा येईल. तो त्या मुलाने वाचावा, आम्ही ऐकायला बसू.

जय भीम!